लेखणीचा पैसा फंड



विद्या विकू नये, हा आपल्या परंपरेचा दंडक. गुरुगृही राहणाऱ्या शिष्याकडून शुल्क घेतले जात नसे. अध्ययन पूर्ण झाल्यावर तो यथाशक्ती दक्षिणा देई. पुण्यात शिकण्यासाठी आलेला गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत असे, आणि त्याला वाढणाऱ्या गृहिणीला आपण फार मोठे दान करीत आहोत असे कधी वाटले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ साली उभी राहिली, ती पुढे खेड्यापाड्यांतून गोळा होणाऱ्या मूठमूठ धान्यावर वाढली. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली आणि ग्रामीण भागातील मुलांच्या पुण्यातील राहण्याजेवण्याची चिंता समाजाने आपल्या शिरावर घेतली. शाळा, वसतिगृह, वेदपाठशाळा, व्यायामशाळा या साऱ्यांसाठी समाजाची झोळी नेहमीच भरलेली राहिली आहे. लेखन शिकविण्यासाठी मात्र ती झोळी फारशी फिरलेली दिसत नाही. लिहिणे ही उपजत देणगी आहे, ती ज्याला आहे तो लिहील, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे.

या समजुतीला एक जुना अपवाद आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी श्रावणमासात विद्वानांना दक्षिणा देण्याची प्रथा सुरू केली. १७३१ नंतर ती पेशव्यांनी पुण्यात चालविली. १८१८ साली राज्य गेले, तरी इंग्रज सरकारने ती कमी प्रमाणात का होईना, चालू ठेवली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की, या निधीतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना पारितोषिक म्हणून द्यावा. पुण्यात त्यावरून मोठी खळबळ उडाली. तथापि १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटीचे काम सुरू झाले आणि मराठी लेखकाच्या हाती सार्वजनिक निधीतून काही पडू लागले. अर्वाचीन मराठी गद्याच्या घडणीत या पैशाचा वाटा मोठा आहे.

परंतु याच कमिटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे काही चालले नाही, असे जोतीरावांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. ते नाटक छापून वाचकांसमोर यायला शंभरहून अधिक वर्षे लागली. समरसतेचा विचार सांगणाऱ्यांनी हा प्रसंग विसरता कामा नये. निधी होता, योजना होती, हेतूही चांगला होता. पण कोणाचे लेखन लेखन म्हणून मानायचे, हे ठरविणारे सारे एकाच आळीतले होते.

आज ती आळी रुंद झाली आहे का? वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या आणि दिवाळी अंक चाळून पाहावेत. ऊसतोड कामगारांवर लेख असतात, कोळीवाड्यांवर असतात, वनवासी पाड्यांवरही असतात. लिहिणारा बहुधा शहरातून दोन दिवसांसाठी गेलेला असतो. त्याच्या सहृदयतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही फडावर पहाटे चार वाजता उठणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेल्या मुलीला जे ठाऊक आहे, ते त्याला ठाऊक नसते.

भटक्या-विमुक्त समाजाचे उदाहरण तर बोलके आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली कायदा रद्द झाला, शिक्का पुसला गेला नाही. या साऱ्या काळात त्यांच्याविषयी लिहिले कोणी? पोलिसांच्या दप्तराने, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांनी, पुढे वृत्तपत्रांतील गुन्हेवार्तांनी. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आले, आणि मराठी वाचक हादरला, कारण प्रथमच तो शब्द घरातून आला होता. त्या लेखकांच्या राजकीय भूमिकांशी सर्वांचे मतैक्य असेलच असे नाही. त्यांच्या अनुभवाची सत्यता नाकारता येत नाही. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९३ पासून चाललेल्या प्रकल्पातून पारधी आणि इतर भटक्या समाजांतील मुले शिकून बाहेर पडली. गिरीश प्रभुणे यांनी पारध्यांच्या जगण्यावर विपुल लिहिले. आता पुढचे पाऊल हे की, पालावर जन्मलेल्या मुलानेच ते लिहावे, त्याखाली त्याचे नाव छापून यावे आणि त्याबद्दलचे मानधन त्याच्या खात्यात जमा व्हावे.

यासाठी मुक्त लेखनाचे नि:शुल्क वर्ग हवेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आणि वस्तीवस्तीतील प्रौढांसाठीही. एका वर्गात वीस जण पुरेत. बारा रविवार पुरेत. पहिल्या रविवारी संपादकांना पत्र लिहायला सांगावे: नळाला पाणी किती वाजता येते, एसटी कोणत्या फाट्यावर थांबत नाही, एवढाच विषय. शंभर शब्दांत तक्रार नेमकेपणाने मांडता आली की निम्मे लेखन आले. मग बातमी, मग मुलाखत, आणि सातव्या-आठव्या आठवड्यानंतर लेख. प्रत्येकाने लिहिलेले मोठ्याने वाचावे, म्हणजे कोठे वाक्य अडते ते कानालाच कळते. शुद्धलेखनाचा बाऊ पहिल्या महिन्यात करू नये. आगरी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाचे पहिले वाक्य लाल शाईने रंगविले, तर दुसरे वाक्य येत नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद योग्यच आहे. पण ती अभिजातता या बोलींच्याच खांद्यावर उभी आहे.

अलीकडे असाही प्रश्न विचारला जातो की, यंत्र जर क्षणार्धात लेख लिहून देते तर लेखन शिकवायचे कशाला? यंत्राला जुळवाजुळव येते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून म्हाताऱ्याकडून गोष्ट काढून घेणे त्याला येत नाही.

आता पैशाचे. कार्यकर्त्यांना हा विषय काढताना संकोच वाटतो, म्हणून हिशेबच मांडून पाहावा. शिक्षकाचे मानधन बारा रविवारांचे प्रत्येकी दीड हजार याप्रमाणे १८ हजार रुपये. वीस जणांचे येण्याजाण्याचे भाडे माणशी ५० रुपये धरले तर १२ हजार. चहा-नाश्ता माणशी २० रुपयांप्रमाणे ४ हजार ८००. पुस्तके व नियतकालिके ५ हजार, छायाप्रती आणि टंकनाचा खर्च ३ हजार. शेवटी प्रत्येकाच्या पहिल्या प्रकाशनयोग्य लेखाला वर्गाकडूनच ५०० रुपये, म्हणजे १० हजार. एकूण ५२ हजार ८०० रुपये. शंभर कुटुंबांनी हा भार वाटून घेतला तर वर्षाला घरटी ५२८, महिन्याला ४४ रुपये पडतात. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यासाठी खर्चावा लागतो आणि शिक्षण त्या यादीत आहे. तो मार्गही खुला आहे. परंतु एकाच मोठ्या देणगीदारावर उभा राहिलेला वर्ग त्याची इच्छा फिरली की बसतो. शंभर घरांचा वर्ग बसत नाही. गुरुदक्षिणेच्या पद्धतीत वाढलेल्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या हिशेबात शिक्षकाचे मानधन मुद्दाम धरले आहे. वर्ग नि:शुल्क असावा तो शिकणाऱ्यासाठी. शिकविणारा मुक्त लेखक असेल, तर लेखणीवरच त्याचे घर चालते. आणि येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. ध्येयवादी नियतकालिकांतही लेखकाला मानधन देणे म्हणजे त्याच्या सेवाभावाचा अपमान, असा एक गैरसमज रूढ झाला आहे. छपाईवाल्याचे बिल वेळेवर चुकते होते, कागदवाल्याचेही होते. लेखकाला मात्र अंकाची प्रत पाठविली की पुरे. निवृत्तिवेतन घेणाऱ्या सद्गृहस्थाला हे परवडते. मजुरी बुडवून लिहिणाऱ्या तरुणाला परवडत नाही, आणि मग तो लिहीत नाही. मुक्त लेखक म्हणजे मोफत लेखक नव्हे, हे संपादकांनाही कोणीतरी सांगितले पाहिजे.

म्हणूनच वर्गातील एक रविवार केवळ व्यवहारासाठी ठेवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखनाचा पहिला मालक तो स्वतः असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे तो हक्क वारसांकडे राहतो. अनेक वर्षे लिहिणाऱ्यांनाही हे माहीत नसते आणि ते हव्या त्या कागदावर सही करून मोकळे होतात. लेखासोबतचे पत्र कसे लिहावे, एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी का पाठवू नये, मानधनाची आठवण सभ्यपणे कशी करावी, हेही त्याच दिवशी शिकवावे.

राहिला प्रश्न विचारांचा. पैसा घालणाऱ्याला वाटणारच की, वर्गातून आपल्या विचाराचे लेखक निघावेत. असे वाटण्यात गैर काही नाही. मात्र पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या हाती तयार घोषणा दिल्या, तर पत्रके लिहिणारे निघतील, लेखक निघणार नाहीत. पत्रके लिहिणारे आपल्याकडे उदंड आहेत. वस्तीतील मुलगी एखाद्या रविवारी गावच्या मंदिराच्या पायरीवर आपल्या आजोबांना काय ऐकावे लागले ते लिहून आणील. ते वाचले जात असताना वर्ग चालविणाऱ्याने मान खाली घालून ऐकावे आणि फक्त एवढेच विचारावे की, साल कोणते, आजोबा त्या वेळी काय म्हणाले. हिंदू समाजाला स्वतःचे दोष घरच्याच माणसाकडून ऐकता आले, तर ते बाहेरच्याकडून ऐकण्याची पाळी येणार नाही.

दक्षिणेची प्रथा जेथे सुरू झाली त्याच तळेगावी १९०८ साली आणखी एक गोष्ट घडली. अंताजी दामोदर काळे यांनी घराघरांतून एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला होता. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्या पैशांतून काचेचा कारखाना निघाला. तेथे माल निघत होताच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे मुले काचकाम शिकत होती, आणि शिकलेली मंडळी पुढे देशभरच्या काच कारखान्यांत पसरली. एक पैसा देणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती भट्टी डोळ्यांनी पाहिली असेल, सांगता येत नाही. पावसाळा संपला की रविवार मोकळे होतात. समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे, एवढी चौकशी या आठवड्यात करता येईल.