सर्पत्वाची बढती

श्रोतेहो, राक्षस घडविणे ही एक कला आहे आणि तिचा आस्वाद घ्यावयास चित्रासारखीच डोळस रसिकता लागते, असे मी म्हटले तर आपणांपैकी काहींना ती थट्टा वाटेल. म्हणून एका राक्षसाचे उदाहरण घेऊनच बोलतो.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक सूत्रधार नुसत्या बोलण्याने प्रसंग उभा करतो, आणि बाकीचे खेळाडू एकेका पात्राची भूमिका पत्करून, कठीण प्रसंगी फाशांचा कौल घेत, कथा पुढे नेतात. या खेळासाठी डेव्हिड कुक यांनी लिहिलेल्या ‘ड्वेलर्स ऑफ द फॉरबिडन सिटी’ या १९८१ सालच्या साहसकथेत, अरण्याने गिळलेल्या एका नगरीत, ‘युआन-टी’ ही सर्पमानवांची जात प्रथम अवतरली. २०१४ सालच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या राक्षसकोशाप्रमाणे ही मूळची माणसेच. परंतु सर्पदेवतांच्या उपासनेत आकंठ बुडून, नरबळी आणि नरमांसभक्षण यांसारखी अघोर अनुष्ठाने करून, त्यांनी मंत्रबळाने आपला देह सर्पांच्या देहाशी एकरूप करून घेतला.

त्यांच्या राज्यातली हुद्द्यांची उतरंड मोठी अर्थपूर्ण आहे. जो जवळजवळ माणसासारखाच दिसतो, केवळ नेत्रांतून, जिभेवरून किंवा अंगावरील खवल्यांवरून ओळखू येतो, तो सर्वांत खालच्या दर्जाचा. ज्याचे मस्तक किंवा भुजा सर्पाच्या झाल्या, तो मधल्या फळीतला. आणि ज्याच्या देहात मनुष्यत्वाची एखादीच खूण उरली वा तीही उरली नाही, तोच तेथे मानाच्या मनसबीचा धनी. माणूसपण जितके झडेल, तितकी बढती!

आपल्या रसशास्त्राची कसोटी येथे लावून पाहावी. खवले, विळखे, दुभंगलेली जीभ यांनी जुगुप्सा उत्पन्न होते, आणि सामान्य कारागीर तेवढ्या बीभत्सावरच संतुष्ट राहतो. युआन-टींचे भय मात्र याहून खोल आहे, आणि ते कशात आहे हे नहुषाची कथा आठवली म्हणजे ध्यानी येते. इंद्रपदाच्या उन्मादात अगस्तींना लाथ मारणारा नहुष शापाने सर्प झाला. पण त्याचे सर्पत्व ही शिक्षा होती, त्यातून सुटण्याची आस त्याला होती, आणि युधिष्ठिराच्या भेटीने तो सुटलाही. युआन-टींना मुक्ती नकोच आहे. शाप म्हणून जे दुसऱ्यावर कोसळते, ते यांनी अर्ज करून मिळविलेले आहे. आणि म्हणूनच त्यांच्याविषयी करुणा वाटावयास जागा उरत नाही.

जाणता सूत्रधार हे सारे एकदम सांगून टाकीत नाही. तो प्रथम एखाद्या नगराच्या दरबारातला अदबशीर कारभारी आपल्यासमोर आणतो, त्याच्या मसलती ऐकवितो, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या डोळ्यांतल्या उभ्या बाहुल्यांचा उल्लेख सहज करून पुढे जातो. कारण माणसांत बेमालूम मिसळून हेरगिरी करणे, हे त्या खालच्या दर्जाच्या युआन-टीचेच काम. त्यांच्या राज्यात जो सर्वांत हलका, तोच माणसांत सर्वांत घातक! केवळ शब्दांवर चालणाऱ्या या कलेत काय दाखविले यापेक्षा कोणत्या क्रमाने ऐकविले, यालाच महत्त्व अधिक. आकाशवाणीच्या श्रोत्यांना हे निराळे सांगावयास नकोच.

तेव्हा, श्रोतेहो, पुढे कधी असा नररूपातून घडलेला राक्षस आपल्या ऐकण्यात किंवा वाचण्यात आला, तर त्याचे सुळे किती लांब आहेत हे विचारण्यापूर्वी, त्याचे रूपांतर कोणाच्या इच्छेने झाले आणि त्यात त्याला काय लाभले, एवढे विचारावे. ज्या राक्षसाच्या देहावरूनच त्याचे उत्तर वाचता येते, तो कसबी हाताने घडविलेला आहे, असे खुशाल समजावे.