सीबीसीच्या कागदावरची एक ओळ

हृदयरुग्णाच्या घरी इकोचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, अँजिओग्राफीची सीडी कपाटात, आणि सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद? हिमोग्लोबिन पाहून झाले की रद्दीत. त्या कागदावर आरडीडब्ल्यू नावाची एक ओळ असते. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत; म्हणूनच बहुधा तिच्याकडे कोणी बघत नाही.

तांबड्या पेशींचे आकार किती असमान आहेत, ते ही ओळ सांगते. साधारण साडेअकरा ते साडेचौदा टक्के ठीक. पंगतीत भाकरी येऊ लागल्या, एक तळहाताएवढी, दुसरी परातीएवढी, तर पाहुणा ओळखतो की आत काहीतरी बिनसले आहे. पीठ सरले, सरपण ओले, की करणारीच आजारी, हे भाकरी सांगत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात डोकवावे लागते. इथले स्वयंपाकघर म्हणजे अस्थिमज्जा.

2007 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या मायकेल फेल्कर आणि सहकाऱ्यांनी ‘चार्म’ या औषधचाचणीतील हार्ट फेल्युअरच्या 2,679 रुग्णांचे रक्ताचे 36 आकडे तपासले. पुढे कोणाची प्रकृती ढासळणार, याच्याशी सर्वांत घट्ट नाते निघाले ते या दुर्लक्षित आकड्याचे. पुढच्याच वर्षी, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 4,111 जणांच्या ‘केअर’ चाचणीतही हा आकडा जास्त असलेल्यांना धोका जास्त दिसला.

असे का होते? शरीरातली धुसफुसती सूज, थकलेली मूत्रपिंडे, लोहाची कमतरता असे अनेक संशयित आहेत. त्यातले लोह महत्त्वाचे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला लोह कमी असेल तर शिरेतून दिलेल्या लोहाने दम लागणे कमी होते, हे 2009 च्या ‘फेअर-एचएफ’ चाचणीत दिसले. आपल्याकडे लोह आणि बी-12 यांची कमतरता घरोघरी. त्यामुळे आकडा वाढलेला दिसला की लगेच हृदयाच्या नावाने घाबरण्याचे कारण नाही. भाकऱ्या कातरून सारख्या केल्याने चूल पेटत नाही, तसे नुसता आकडा खाली आणणारे औषध मागण्यातही अर्थ नाही.

पण एका कागदावरून काय कळणार? गेल्या वर्षी तेरा, आता सोळा, हे कळायला गेल्या वर्षीचा कागद हवा. तो रद्दीत गेलेला असतो! म्हणून सीबीसीचे जुने कागद तारखेप्रमाणे लावून डॉक्टरांपुढे ठेवावेत.