टायगर हिल आणि कळसूबाई



टायगर हिलवर सूर्य पूर्वेस उगवतो. परंतु कॅमेरा उत्तरेकडे, ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजंगेकडे रोखावा. आकाश निरभ्र असल्यास सूर्यबिंब दिसण्यापूर्वीच ते शिखर आरक्त होते. बतासिया लूपवर वळण घेणारी छोटी गाडी आणि हिमशिखरे एकाच चौकटीत येतात. कलकत्त्याच्या वास्तव्यात अशी कितीतरी दृश्ये मी टिपली.

गतवर्षी कन्येने विचारले, "बाबा, आजीच्या ओसरीवरून दिसणारा डोंगर कसा होता?" तो कळसूबाईचा, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. माझ्या संग्रहात त्याचे एकही छायाचित्र निघाले नाही. डोंगर आजही आहे. आई नाही, ओसरीही नाही.

आपण गावी जाल तेव्हा एक छायाचित्र आपल्या डोंगराचे घ्यावे, आणि त्यात घरातील वडीलधाऱ्यांना उभे करावे, एवढीच विनंती.