चांदोलीच्या रानात एक दिवस



वसंत व्याख्यानमालेत वसंतावरच बोलले पाहिजे असा काही दंडक नाही. तरी आज आम्ही चैत्रातल्या एका दिवसाचा हिशेब आपल्यापुढे मांडणार आहोत. ठिकाण चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान. सहल म्हटली की डब्यात काय न्यायचे येथून आपल्या बेताला आरंभ होतो. आमचे म्हणणे असे की, आरंभ सूर्यास्तापासून करावा आणि तेथून मागे मागे यावे.

प्रथम ठिकाणाची ओळख. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा जेथे जवळ येतात, तेथे सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचे हे रान आहे. १९८५ साली ते अभयारण्य झाले आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान. २०१० साली कोयना अभयारण्य व हे उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या जागा जागतिक वारसा म्हणून मानल्या त्यांत चांदोलीही आली.

'उद्यान' या शब्दाने मात्र कोणी फसू नये. येथे कारंजी नाहीत आणि झोपाळेही नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात गुरे चारण्यास नियम घालून मुभा देता येते. राष्ट्रीय उद्यानात ती मुळीच नाही. जेथे गावच्या गाईला मज्जाव आहे, तेथे शहरच्या पाहुण्याने आपल्या पायरीने वागावे, हे ओघानेच आले.

आता दिवसाकडे वळू. मार्चच्या अखेरीस या भागात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि पावणेसाताच्या आसपास मावळतो. बारा तास पुष्कळ वाटतात. पण ते हातचे सोडून मोजावेत. अंधारापूर्वी रानाबाहेर पडायचे, म्हणजे उन्हे कलताच परतीची वाट धरायची. दुपारी जनावर झाडीत दडते आणि माणूसही कंटाळतो. उरली ती सकाळ. म्हणून कोल्हापूर-कऱ्हाडच्या मंडळींनी पहाटेच निघावे, आणि पुण्या-मुंबईकडच्यांनी आदल्या रात्री शिराळा-वारणावतीच्या बाजूला मुक्काम करावा. प्रवेशाच्या वेळा, वाहन आणि वाटाड्या यांचे नियम बदलत असतात. ते वनखात्याच्या कचेरीत आधीच विचारावेत. पावसाळ्यात तर रानाचे दार बंदच असते. आणि एका दिवसात धरण, सडे, धबधबा व प्राचितगड असे सारे उरकण्याचा हव्यास नको. एकच वाट धरावी आणि ती नीट पाहावी.

पाहण्यासारखे काय, असे आपण विचाराल. कोशिंबाला या दिवसांत अशी लाल पालवी फुटते की, नवख्याला तो फुलोराच वाटतो. अंजनीच्या फांद्यांना जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके लागतात. करवंदीच्या जाळीत पांढरी फुले आणि हिरवी फळे एकत्र दिसतात. शेकरू उंच फांदीवरून आपल्याला दटावते. गवा दिसला तर दुरूनच पाहावा. तो गरीब गाईसारखा दिसतो, पण स्वभाव गाईचा नव्हे.

परंतु या देखण्या ऋतूची दुसरी बाजू आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात ज्या सड्यांवरून पाणी वाहते, ते जांभ्याचे सडे चैत्रात तव्यासारखे तापतात. ओढे आटतात आणि मोजके पाणवठे उरतात. वारणेच्या धरणात सुमारे ३४ अब्ज घनफूट पाणी मावते खरे, पण दूरच्या कपारीतल्या भेकराला त्याचा काय उपयोग? त्याला जवळचा डोहच गाठावा लागतो. आणि नेमक्या त्याच डोहाकाठी, सावली बरी म्हणून, आपण सतरंजी पसरतो! दहा माणसे दोन तास हसतखेळत जेवली, की तेवढा वेळ झाडीतले जनावर तहानलेले उभे राहते. ते आपल्याला दिसत नाही, म्हणून आपल्याला आपला अपराधही दिसत नाही. तेव्हा जेवण पाण्यापासून दूर करावे, आणि प्यायचे पाणी घरूनच न्यावे.

तीच गोष्ट विस्तवाची. रानात आग लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण विडीचे थोटूक टाकणाऱ्याला आपण आग लावतो आहोत असे कधी वाटत नाही. वाळल्या गवताला मात्र हेतू कळत नाही. चुलीवरच्या पिठल्याची हौस घरी भागवावी. रानात भाकरी, चटणी आणि कांदा पुरे.

शेवटचा मुद्दा माणसांचा. या रानात चालताना मध्येच आंब्या-फणसाची जुनी झाडे लागतात, कोठे जोत्याचे दगड दिसतात. तेथे गावे होती. धरणासाठी आणि पुढे अभयारण्यासाठी ती उठली. देवळे, शेते आणि वडिलांची हाडे मागे ठेवून माणसे खाली गेली. त्यांच्या जमिनीचे प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळले. आज जी शांतता आपण ऐकायला जातो, तिची किंमत कोणी भरली आहे हे आपण विसरू नये. ज्यांनी घर दिले त्यांच्या अंगणात आपण एक दिवसाचे पाहुणे म्हणून जातो. तेथे बाटली फेकणारा केवळ रानाचा नव्हे, त्यांचाही अपमान करतो.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. कमी माणसे न्या, कमी आवाज करा, एकच वाट चाला आणि उजेड आहे तोवर परता. परतताना पिशवीत गेल्या वेळचेच सामान असावे. त्यात एक पानही वाढू नये आणि एक कागदही मागे राहू नये. इतके साधले तर दिवस कारणी लागला म्हणावा.