वंशावळीची फाइल पाठवण्याआधी

मागच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर आमच्या गटात वंशावळीचा विषय निघाला. तेच आज तुमच्याशी बोलतोय.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडे हेळवी यायचा. घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवायचा, धान्य घ्यायचा आणि वही काखेत मारून पुढच्या गावाला जायचा. आता शहरातली आपली मुलं मायहेरिटेज, अँसेस्ट्री अशा ठिकाणी वंशवृक्ष तयार करतात. पण वही तिथेही दुसऱ्याच्याच घरी असते. मुलाचा पासवर्ड हरवला की आजीने सांगितलेली नावंही अडकली. म्हणून नक्कल आपल्याकडे हवी. कॉम्प्युटरवर वंशवृक्षाच्या सेटिंगमध्ये ‘एक्सपोर्ट’ शोधायचं. त्यातून येते ती जेडकॉम फाइल. नावाला घाबरू नका, आत साधा मजकूर असतो : कोण कुणाचं मूल, लग्न कुणाशी, जन्म कधी, मृत्यू कधी. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने १९८४ साली ही पद्धत आखली. एका ठिकाणची फाइल दुसरीकडे चढवता येते ती त्यामुळेच. फोटो मात्र बहुधा तिच्यात येत नाहीत, ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात.

इथवर सगळं चांगलंच. आता आमच्या एका ताईंची गोष्ट. त्यांनीच ‘सांगा’ म्हटलं म्हणून सांगतोय.

त्यांच्या पुतण्याने दोन वर्षं खपून वंशवृक्ष केला आणि हौसेने फाइल भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ताईंची मुलगी दत्तक. पुतण्याने आपल्या आठवणीसाठी तिच्या नावाखाली तशी टीप लिहिली होती. झाडाच्या चित्रात ती दिसत नव्हती, फाइलीत मात्र गेली. भावकीतल्या एका पोराने फाइल उघडली आणि शाळेत बोलला. मुलगी दहावीला. घरी आली ती दप्तर न उतरवताच आईसमोर उभी राहिली. ताई परीक्षा झाल्यावर सांगणार होत्या. पुतण्याने मेसेज पुसला, हात जोडले. पण फाइल तोवर किती मोबाईलमध्ये उतरली, कोण मोजणार?

पोराच्या मनात वाईट नव्हतं, हे आम्हीही मानतो. पण नक्कल घरात ठेवणं वेगळं आणि वाटणं वेगळं. घरात ठेवायची ती पूर्ण ठेवा. वाटायच्या फाइलीत जिवंत माणसांची फक्त नावं, तीही त्यांना विचारून. जन्मतारीख, मोबाईल नंबर, आजार, काडीमोड, टिपा, सगळं आधी काढायचं. ग्रॅम्प्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात जिवंत माणसांची आणि खाजगी ठरवलेली माहिती वगळून फाइल काढता येते. तरीही पाठवण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून नजर घालाच.

आणखी एक. या फाइलीला सरकारी कागद समजू नका. जातपडताळणीला शपथपत्रावरची वंशावळ आणि जुन्या नोंदी लागतात. शाळेचा दाखला, गाव नमुना १४. पण त्या नोंदी शोधायला निघाल्यावर नावं हाताशी असली की फेऱ्या वाचतात. त्यात लेकींची नावं आहेत का ते नक्की बघा. भावकीच्या वंशावळीत मुलगे पाच पिढ्यांचे सापडतात आणि आत्याचा पत्ता नसतो. २००५ च्या कायद्याने लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. वारसनोंदीच्या वेळी वंशावळीत तिचं नावच नसेल, तर भांडण तिथूनच सुरू होतं.

ताईंकडे आता नवी फाइल तयार होतेय. त्या टिपेचं काय करायचं, हे या वेळी आधी लेकीला विचारलं. ती म्हणाली, “टीप काढा. नाव आईच्या खाली आहे तसंच राहू दे.”