समोशाची मुशाफिरी
(निधिसंकलन मेळाव्यातील भाषण)



बाहेरच्या टेबलावरच्या समोशांचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा मी फार वेळ घेणार नाही. पण ज्याच्या जोरावर आज आपण निधी गोळा करतोय, त्या समोशाची ओळख करून द्यायलाच हवी.

समोसा मूळचा आपला नाही. १०व्या-११व्या शतकातल्या अरबी-फारसी लिखाणात तो ‘संबुसज’, ‘संबुसा’ अशा नावांनी भेटतो. १४व्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने तो दिल्लीत, मुहम्मद तुघलकाच्या दरबारात खाल्ला. होय, राजधानी देवगिरीला हलवणारा तोच तुघलक! त्या समोशात खिमा, बदाम, पिस्ते, अक्रोड, कांदा आणि मसाले होते. बटाटा नव्हता, कारण तो तेव्हा भारतात आलेलाच नव्हता. बटाटा आणि मिरची पुढे पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आली. ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. म्हणजे आपण ज्याला अस्सल देशी म्हणतो, त्याचं नाव इराणकडचं आणि सारण दक्षिण अमेरिकेतलं!

मग तो भारताबाहेरही निघाला. मॉरिशसमध्ये तो ‘समूसा’ झाला, पूर्व आफ्रिकेत ‘सांबुसा’. गोव्यात त्याला ‘शामूसा’ म्हणतात, आणि १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथून लिस्बनला गेलेल्या गोवेकर आणि गुजराती कुटुंबांनी तो पोर्तुगालमध्ये घरोघरी नेला. आज तिथल्या साध्या कॅफेतही तो मिळतो.

इंग्लंडची गोष्ट मात्र जरा गंभीर आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले. सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली. लेस्टरच्या नगरपालिकेने तर ‘आमच्याकडे येऊ नका’ अशी जाहिरात युगांडातल्या वर्तमानपत्रात दिली होती! तरीही अनेकजण तिथेच गेले. दुकानं, घरं, बँकेतले पैसे मागे राहिले. हातातली कला तेवढी बरोबर आली. आज लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर फरसाण-मिठाईच्या दुकानांची रांग आहे, आणि नको म्हणणारं शहरच आता त्या रस्त्यावरची दिवाळी अभिमानाने मिरवतं.

मंडळी, परक्या गावात पाय रोवायला माणसाला फार काही लागत नाही. एक कसब लागतं आणि सुरुवातीला कुणीतरी दिलेला आधार. आजचा निधी ज्या वसतिगृहाला जाणार आहे, तिथल्या मुलीही घर सोडून शिकायला आल्या आहेत. त्यांच्याकडे जिद्द आहे. आधार आपण द्यायचा आहे.

आपल्या सभासदांनी काल रात्री उशिरापर्यंत जागून मैदा मळला, सारण भरलं, कडा बंद केल्या. सामानाचा खर्चही त्यांनीच केला आहे, त्यामुळे तुमचा प्रत्येक पौंड थेट मुलींपर्यंत पोचेल. प्लेटची किंमत फलकावर लिहिली आहे. त्याहून जास्त द्यायला अर्थातच बंदी नाही!

चला, समोसे गार व्हायच्या आत उठू या.