पंखा लावला, तरी बॅटरी फुगली

श्रोतेहो, वऱ्हाडातला उन्हाळा काय असतो, हे तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो. अशाच एका दुपारी मी अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याजवळ रिमोटवर पळणारी, बॅटरीची गाडी आहे. ती तापते म्हणून मीच तिच्यात छोटा पंखा बसवून दिला होता. गच्चीवर गाडी दहा मिनिटं पळाली आणि थांबली. मी बॅटरी काढली आणि तशीच गरम चार्जिंगला लावली. थोड्याच वेळात भाचा ओरडला, "मामा, पाहा न, बॅटरी फुगली!" लगेच प्लग काढला म्हणून आग लागली नाही.

चूक माझीच होती. पंखा वारा देतो, गारवा देत नाही. कूलरमधलं पाणी संपलं, की तो गरम हवाच फेकतो ना, तसंच हे. या गाड्यांतली लिथियम पॉलिमर बॅटरी साधारण 60 अंशांपुढे तापू देऊ नये. हवा 25 अंश असेल तर 35 अंशांची सवड मिळते. आपल्याकडे 45 अंशांत ती उरते फक्त 15 अंशांची.

तेव्हा मुळात उष्णताच कमी निर्माण व्हायला हवी. विजेचा प्रवाह दुप्पट झाला, की तारा आणि बॅटरी चौपट तापतात. म्हणून मोटरच्या दांड्यावरचं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, कमी दात्यांचं बसवावं. वेग थोडा घटतो, पण मोटरवरचा भार हलका होतो. गाडी सकाळी किंवा दिवेलागणीला चालवावी आणि मधूनमधून थांबवावी.

बॅटरी पूर्ण थंड झाल्यावरच चार्ज करावी. 5000 मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीला 5 अँपिअर पुरे. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टच्या वर नेऊ नये आणि 3 व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. बरेच दिवस ठेवायची असेल तर 3.8 व्होल्टवर ठेवावी. चार्जिंग गादीवर नको, फरशीवर करावं. रात्री झोपताना तर नकोच. फुगलेली बॅटरी टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये, घंटागाडीतही टाकू नये. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

"मामा, गाडी पहिल्यासारखी पळत नाही," असं भाचा आता कुरकुरतो. मी म्हणतो, "बापू, बॅटरीला हात लावून पाहा." तो लावतो. हात चटकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)